भरीत आणि तिरफळं

पाककृती लिहिण्याच्या कामात सगळ्यांत जास्त भांडणं जागेवरून होतात. मासिकाच्या एका पानात साहित्य, कृती, छायाचित्र आणि वर चार ओळींची प्रस्तावना बसवायची असते. जागा अपुरी पडली की पहिली कात्री कृतीला लागते, कारण छायाचित्र कापायला कुणाचा हात धजत नाही. माझी आणि माझ्या नवऱ्याची ओळख या कात्रीमुळेच झाली.

तेव्हा मी पुण्यातल्या एका मासिकासाठी दर महिन्याला पाककृतींचं पान लिहीत होते आणि तो त्या मासिकाची पानं लावायचा. डिसेंबरच्या अंकासाठी मी खानदेशी भरीत दिलं होतं. दुपारी त्याचा फोन आला. दोन ओळी जास्त होत आहेत, कुठल्या काढू? मी म्हटलं, काढण्यासारखं त्यात काही नाही. त्याने मजकूर पुन्हा वाचला आणि विचारलं, "भाजलेलं वांगं पाण्याखाली धरून सोलू नये, ही ओळ गेली तर चालेल?" मी त्याला सांगितलं, ती ओळ गेली तर भरीतच गेलं. जळलेल्या सालीच्या आतल्या गरात धुराचा वास मुरलेला असतो. सोलणं सोपं जावं म्हणून वांगं नळाखाली धरलं की तो वास पाण्याबरोबर मोरीत जातो. चटका बसू नये म्हणून आपली बोटं ओली करावीत, वांगं करू नये. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "फोटो लहान करतो. ओळी राहू देत."

मी त्या एका वाक्यावर भाळले असं आमच्याकडे सगळे म्हणतात. ते खरं आहे.

तो मालवणचा, मी यावल तालुक्यातली. महाराष्ट्राच्या नकाशावर यापेक्षा लांबची सोयरीक शोधायला कष्ट पडतील. आमचं घर शाकाहारी, त्यांच्याकडे सोमवार-गुरुवार सोडले तर माशाशिवाय ताट वाढलं जात नाही. आमच्याकडे भाकर आणि तेल, त्यांच्याकडे भात आणि नारळ. मी घरी सांगितलं तेव्हा आईने मुलाचा पगार विचारला नाही, घर स्वतःचं आहे का ते विचारलं नाही. तिने विचारलं, "तिकडे भाकर खातात का गं?" वडील, म्हणजे अण्णा, मात्र बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले आणि शेवटी म्हणाले, माणसं बघून येऊ. ते मालवणला गेले, माणसं बघितली, सोलकढी प्यायले आणि परत येऊन आईला म्हणाले, पाहुणचार चांगला आहे, पण पाण्याला सुद्धा नारळाचा वास येतो. तो होकार होता.

लग्न आमच्या गावी झालं, थंडीत. खानदेशात थंडी म्हणजे भरिताचे दिवस. आमच्या तालुक्यातल्या बामणोदची वांगी सगळ्या जिल्ह्यात नावाजलेली. फिकट हिरवी, हातात धरली तर मनगटापर्यंत येतील एवढी लांब, बी कमी, गर लोण्यासारखा. हळदीच्या रात्री वऱ्हाडाला भरीत-पुरी द्यायची असं अण्णांनी आधीच ठरवून टाकलं होतं. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला. या काड्या भराभर पेटतात, मोठी ज्योत देतात आणि लवकर विझतात, म्हणून एक माणूस नुसत्या काड्या सारत राहायला लागतो. वांग्यांना आधी टोचे मारलेले, नाहीतर ती जाळात फुटतात. काकांनी एकेक वांगं काठीने फिरवत, देठापर्यंत मऊ झालं की बाहेर ओढत ढीग लावला. बायका गोल बसून सोलायला लागल्या. सोललेला गर लाकडी भांड्यात पडला की लाकडी मुसळाने ठेचायचा. मिक्सरमध्ये तो चिकट होतो, हाताने कुस्करला तर दोरे राहतात. मग मोठ्या कढईत तेल, त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, वर भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, गरम मसाला नाही.

मालवणहून आलेली मंडळी शाली लपेटून जाळाभोवती उभी होती. त्यांच्यातल्या कित्येकांनी एवढी कोरडी थंडी अंगावर घेतलीच नव्हती. नवऱ्याच्या आत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि जाळाकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडे असो सुको धूर नाय गो. सगळां भिजलेलां." मला तो शब्द फार आवडला, सुका धूर. पुढे मी भरितावर जे जे लिहिलं त्यात तो कधी ना कधी येतोच.

दुसऱ्या दिवशी पंगतीत वरणबट्टी होती आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. बट्टी चुरून वर वरण, त्यावर तुपाची धार. आमची माणसं त्यावर तुटून पडली. कोकणची माणसं सुद्धा जेवली, पण हात आखडता ठेवून. ती भाताची वाट बघत होती. त्यांच्या जेवणाची सुरुवात भाताने होते, आमच्याकडे भात शेवटी येतो आणि तोवर पोटात जागा नसते. अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी वाढप्यांना हाक मारली आणि अर्ध्या पंगतीला भात आधी वाढायला लावला. त्याच पंगतीत, समोरासमोर, आमची माणसं बट्टी खात होती आणि ती भात. कुणी कुणाला आग्रहाने आपलं खायला लावलं नाही. लग्नातल्या मंगलाष्टकांपेक्षा मला ती पंगत जास्त आठवते.

आहेरात 'रुचिरा'च्या तीन प्रती आल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक आलं आणि तेव्हापासून मराठी घरांत नवरीला ते द्यायची रीतच पडून गेली. त्याच्याही आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणीमित्र' लिहून हजार पाकक्रिया एकत्र आणल्या होत्या. वाटी-चमच्याचं माप घरात आणण्याचं श्रेय मात्र मी कमलाबाईंना देते. आईचा हात अंगवळणी पडायच्या आत लांबच्या गावी गेलेल्या मुलींसाठी ते माप म्हणजे आधार होता. माझं सगळं काम त्याच वाटेवरचं आहे. तीन प्रतींपैकी एक मी सासूबाईंना दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, फडताळात देवाच्या पोथ्यांशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "तू वाच. माका हात सांगता."

त्यांचा हात काय सांगतो ते कागदावर आणायचं, हे पुढची कित्येक वर्षं माझं काम झालं. सासूबाई पावसाळा आमच्याकडे पुण्यात काढतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला मालवणला परततात. पावसाळ्यात तिकडे ताजी मासळी नसते. जून-जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि समुद्रही कुणाला आत घेत नाही. म्हणून त्या सुके बांगडे, कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ असं बांधून आणतात. मी त्यांच्या हाताखाली उभी राहायचे आणि त्यांच्या भांड्याखाली वजनकाटा ठेवायचे. त्या मुठीने खोबरं टाकायच्या, मी आकडा टिपायचे. त्या चिमटीने मीठ टाकायच्या, मी आकडा टिपायचे. त्यांना सुरुवातीला हा प्रकार आजारी माणसाचा ताप बघितल्यासारखा वाटला असावा, कारण त्या दर वेळी विचारायच्या, "किती इलो?" नंतर त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. त्यांची मूठ दर वेळी जवळजवळ तेवढीच भरायची. चाळीस वर्षांच्या सवयीने तो हात काट्याइतका पक्का झालेला होता, आणि ते काट्यावर दिसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही.

मासा मी त्यांच्याकडूनच शिकले. आधी निवडायला: कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ, पोट दाबल्यावर बोट रुतून राहता कामा नये. मग साफ करायला, मग रांधायला आणि शेवटी खायला. बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी हा त्यांचा हातखंडा. ओलं खोबरं, लाल सुक्या मिरच्या, थोडे धणे, हळद, हे सगळं पाट्यावर गंधासारखं वाटायचं. कांदा नाही, लसूण नाही. वाटण पाण्यात कालवून उकळी आली की बांगड्याचे तुकडे सोडायचे, सोलं टाकायची. इथून पुढे पळीला बंदी. "माशाक पळी लावू नको गो, टोप हलव." दोन्ही हातांनी टोप कडांना धरून गोल हलवायचा, म्हणजे तुकडा मोडत नाही आणि वाटण तळाला बसत नाही. तिरफळं अगदी शेवटी. आतली काळी बी काढून टाकायची, कारण ती कडवट आणि कचकचीत लागते. वरची फोलं जराशी ठेचून टोपात टाकायची आणि झाकण ठेवून गॅस बंद. तिरफळाने जिभेला बारीक मुंग्या येतात, ओठ किंचित बधिर होतात आणि तेलकट बांगड्याचा जडपणा उतरतो. सासूबाई तिरफळं बांगड्याला आणि तारलीला घालतात. कोंबडीला घालू का, असं मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं होतं.

पाककृतींच्या धंद्यात असताना मला ठामपणे वाटायला लागलेली गोष्ट इथे सांगते. लग्न झाल्यावर संपादकांनी, ओळखीच्यांनी, वाचकांनी, सगळ्यांनी एकच मागणी लावून धरली: आता खानदेश आणि कोकण एकत्र करून काहीतरी नवं द्या. नारळाच्या दुधातलं भरीत द्या. काळ्या मसाल्यातला बांगडा द्या. मी ते दिलं नाही आणि देणार नाही. नव्याला माझा विरोध नाही. पण आमच्या जिल्ह्यात पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सिंधुदुर्गात ३००० च्या वर. तापीकाठच्या काळ्या मातीत ज्वारी, कापूस, तूर, भुईमूग होतो. म्हणून आमच्या भाजीला शेंगदाण्याचं कूट आणि तेलाचा तवंग असतो, आणि खोबरं येतं ते वाळून लांबून आलेलं, मसाल्यात भाजून घालायचं. तिकडे लाल मातीत भात आणि माड. नारळ परसात पडतो, म्हणून तो ओलाच वाटला जातो आणि दुपारच्या आत संपवावा लागतो. आंबटपणा हवा तर रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, दारात आहे. मे महिन्यात ती फळं फोडून, बिया काढून, सालं उन्हात वाळवतात. बियांच्या गराचा रस मीठ घालून ठेवतात आणि त्यात ती सालं पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. पुटांवर पुटं चढली की सोलं तयार होतात, वर्षभर टिकतात. पाऊस लागायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, म्हणून मे महिन्यात मालवणच्या घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात त्या वर्षी दोन्हीकडून फोन आले आणि दोन्ही बाजूंनी आपणच पहिले असं सांगितलं.

एवढ्या मातीतून, पावसातून, उन्हातून एक चव तयार होते. ती समोरच्याची म्हणून आधी पुरती शिकायची असते. तिच्यात आपलं कालवण्याची घाई मला प्रेमाची वाटत नाही. भरितात नारळाचं दूध घातलं तर सुका धूर मरतो आणि नारळही वाया जातो. आमच्या ताटात दोन्ही असतात, शेजारी शेजारी. शनिवारी कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी, रविवारी बांगडा आणि उकड्या तांदळाचा भात. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून दळलेलं, आई वर्षाचं पाठवते. नवऱ्याला ती भाकरी पहिल्यांदा खरखरीत वाटली, पण त्याने तिच्यावर नारळाची चटणी मागितली नाही. लसणाची चटणी आणि कच्चं तेल घालूनच खाल्ली, आमच्यासारखी. माझ्या लेखी संसारात माणूस दुसऱ्याला मानतो तो असा.

घरातली कामंही तशीच वाटली गेली. नारळ खवणं त्याच्याकडे. विळीवर बसून, काळी पाठ खोबऱ्यात न येऊ देता, पांढरं शुभ्र खोबरं तो काढतो, लहानपणापासूनचा सराव आहे. भाकरी माझ्याकडे. मासा साफ करणं दोघांकडे. माझ्या कृतींचा पहिला वाचक तोच. जिथे त्याला प्रश्न पडतो तिथे तो पेन्सिलीने बारीक रेघ मारतो, आणि आजवर त्याची एकही रेघ फुकट गेलेली नाही. "मंद आच" लिहिलं की रेघ. "गुलाबी रंगावर" लिहिलं की रेघ, कारण कांद्याचा गुलाबी आणि रव्याचा गुलाबी वेगळा. आमचं लग्न फार गोड बोलण्यावर चाललेलं नाही, या रेघांवर चाललेलं आहे.

मग २०२१ चा एप्रिल आला. घरात दोघांनाही करोना झाला. ताप उतरला, खोकला उतरला, पण माझा वास गेला. सकाळी चहात आलं घातलं आणि नाकापर्यंत काहीच आलं नाही. मी मसाल्याचे डबे एकेक करून उघडले. काळा मसाला, गोडा मसाला, वेलची, हिंग. डबे नुसते रंगीत भुकटीचे. अन्नावर लिहून पोट भरणाऱ्या बाईचं नाकच जातं तेव्हा तिला काय वाटतं ते सांगायला मला आजही शब्द शोधावे लागतात. मी स्वयंपाकघरातच खाली बसले होते.

नवऱ्याचा वास शाबूत होता. त्याने आधी पेज केली, कारण त्यांच्याकडे आजारपणात पेजच करतात, आणि मला ताटलीत वाढून दिली. पेजेत मीठ कळलं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळतं ते माझं शाबूत होतं. गेला होता तो वास, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. मग काही दिवसांनी मालवणहून सासूबाईंनी फोनवर सांगितलं, तिला तिरफळं घालून आमटी दे. त्याने दिली. पहिल्या घासाला मला काहीच कळलं नाही, नुसतं आंबट आणि खारट. आणि मग जिभेवर मुंग्या आल्या. ओठ बधिर झाले. मी घास तोंडात तसाच धरून ठेवला. तिरफळाच्या मुंग्या आणि मिरचीची आग ही नाकाची कामं नव्हेत. ती तोंडातल्या वेगळ्याच नसेला कळतात, जी स्पर्श आणि दाह ओळखते. म्हणून सगळं गेलेलं असताना ती दोन राहिली. माहेरचा ठेचा आणि सासरची तिरफळं. त्या दिवसांत मला जेवताना काही जाणवलं असेल तर एवढंच.

डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. जगभर त्यासाठी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास वापरतात. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक वास थोडा थोडा वेळ घ्यायचा आणि घेताना तो कसा होता ते मनाशी आठवायचं. नवऱ्याने चार छोट्या बाटल्या भरल्या. मग पाचवीत काळा मसाला भरला आणि सहावीत तिरफळं. तो बाटली माझ्या नाकाखाली धरायचा आणि मला त्या वासाबद्दल सांगत बसायचा, कारण आठवण जागी व्हायला बोलणं लागतं. काळ्या मसाल्याच्या बाटलीशी तो मला आमच्या हळदीच्या रात्रीचं शेत सांगायचा. कुठे कोण उभं होतं, जाळ कुठल्या बाजूला वळत होता. त्याला माझ्या गावची ती रात्र माझ्याइतकीच पाठ होती हे मला तेव्हा समजलं.

वास परत यायला लागला तो वाकडा आला. अनेकांना असं होतं. कॉफीला सडका वास, आणि तेलात पडलेला कांदा-लसूण तर असह्य. खानदेशी स्वयंपाकाची सुरुवातच जिथून होते तो वास मला नकोसा झाला. भरीत, शेवभाजी, डाळीची फोडणी, माझं सगळं माहेर दाराबाहेर गेलं. त्या काळात मला जगवलं ते मालवणच्या बिनकांद्या-बिनलसणाच्या रांधपाने. नारळ, सोलं, तिरफळं, कुळथाची पिठी, काकडीची कोशिंबीर. दोन्ही स्वयंपाक मी कालवून एक केले असते तर त्या महिन्यांत मला खायला काही उरलं नसतं.

काम मी थांबवलं नाही. मासिकाचं पान दर महिन्याला जात राहिलं. कढईपाशी नवरा उभा राहायचा आणि वास सांगायचा, मी डोळ्यांनी आणि कानांनी बघायचे. धणे भाजताना त्यांचा वास बदलायच्या आधी त्यांचा आवाज बदलतो, ओलसर खसखस जाऊन कोरडी होते. मोहरीची तडतड संपून कढई क्षणभर गप्प होते, तेव्हा हिंग टाकायचं. वाटण शिजलं की कडेने तेल सुटतं, त्याआधी बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. हे सगळं मी आयुष्यभर बघत आले होते, पण नाक सगळ्यांच्या आधी सांगून मोकळं व्हायचं, त्यामुळे लिहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कृतीत तिन्ही खुणा असतात: काय दिसेल, काय ऐकू येईल, काय वास येईल. एका बाईंचं पत्र आलं, त्यांना जन्मापासून वास येत नाही आणि या कृतींवरून त्यांनी पहिल्यांदा मसाला न करपवता भाजला. माझ्या कामाची याहून मोठी पावती मला मिळालेली नाही.

कांदा पुन्हा कांद्यासारखा लागायला वर्ष उलटलं. २०२२ च्या आखाजीला मी माहेरी गेले, बरोबर नवरा आणि सासूबाई. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात. घरात घागर पुजली जाते आणि जेवायला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. अंगणातल्या चुलीवर मोठं खापर उलटं घातलेलं. आईने पुरण भरलेला गोळा हातावर घेतला आणि तो एका हातावरून दुसऱ्यावर टाकत, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत वाढवत नेला. पोळी तिच्या दोन्ही हातांवर ओढणीएवढी पसरली आणि तिने ती अलगद खापरावर सोडली. सासूबाई खुर्ची पुढे सरकवत राहिल्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, "पोळपाट खय आसा?" मी म्हटलं, नसतोच. त्या उठून आईच्या शेजारी पाटावर जाऊन बसल्या, आणि त्या दुपारी दोघी मिळून पोळ्या करत होत्या. सासूबाईंच्या पहिल्या पोळ्या हातावरच फाटल्या, आईने त्या बाजूला ठेवून नातवंडांना दिल्या. शेवटी शेवटी एक चांगली साधली. गुळाचा आणि जायफळाचा वास मला सरळ, जसाच्या तसा येत होता. पलीकडच्या घरातून कांद्याची फोडणी पडली, तीही आली आणि भूक लागली.

आता आम्ही दोघं एक पुस्तक करतो आहोत. दोन भाग, एक तापीकाठचा आणि एक समुद्राकाठचा, मध्ये पूल नाही. मजकूर माझा, पानं त्याची. खापरावरची पोळी त्यात घ्यावी की नाही यावर घरात अजून चर्चा चालू आहे. आईचं म्हणणं, हातावरची पोळी वाचून येत नाही, उगाच कुणाला कशाला फसवायचं. खापर आता बाजारात सहज मिळत नाही, शहरातल्या गॅसवर ते तापत नाही. सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी मालवणच्या घरी मागच्या दारी एक जुनं मडकं उलटं घालून सराव चालवला आहे. "लिही गो," त्या फोनवर म्हणाल्या, "करणारी कोणतरी असतली." तेव्हा मी मापं घ्यायला लागले आहे. गहू धुऊन, वाळवून, बारीक दळून वस्त्रगाळ करायचे. कणीक सैल, तेल लावून तिंबायची, इतकी की ताणली तर तुटायच्या आधी बराच वेळ लांबत राहील. किती वेळ तिंबायची यावर आईचा आणि माझ्या काट्याचा अजून मेळ बसलेला नाही. येत्या आखाजीला मी तिच्याशेजारी घड्याळ लावून बसणार आहे.